कापसाच्या खोलीचं दार

अमीरबीचं सारवण अर्ध्यावर आलं होतं. भिंतीकडची अर्धी खोली ओली, दाराकडची अर्धी कोरडी, हात कोपरापर्यंत शेणात, आणि तेवढ्यात नुकत्याच सारवलेल्या जागी वरून टप्पकन काहीतरी पडलं. पाहिलं तर हरभऱ्याएवढी चिखलाची गोळी. वैशाखाचं ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही, मग माळवदातून ओली माती गळते कशी, म्हणून तिनं मान वर केली. दोन तुळयांमधल्या फळीला दोन पाखरं उभीच्या उभी चिकटून बसली होती. पाठ निळीकाळी, कमरेपाशी विटकरी पट्टा, शेपटी कात्रीसारखी दुभंगलेली. एकानं चोचीतली गोळी फळीला लावली, मान थरथरवून घट्ट दाबली, आणि दोघंही दारातून बाणासारखी निघून गेली.

अमीरबीनं शेणाचे हात तसेच धरून पदर दातांनी सावरला. "या अल्ला," ती हळूच म्हणाली, "अबाबील आली."

आळीतल्या बाकीच्या बायका या पाखराला भिंगरी म्हणत. पण अमीरबीला तिच्या आईनं लहानपणी गोष्ट सांगितलेली होती. मक्केवर हत्तींची फौज चालून आली तेव्हा अल्लानं चोचीत खडे देऊन ज्या पाखरांना धाडलं, ती ही. देवाच्या घरासाठी लढलेलं पाखरू ज्याच्या घरी घर बांधतं, त्याची बरकत हटत नाही. आणि जो ते घर मोडतो त्याचं काही खरं नाही. अमीरबी पाच वेळची नमाजी. आईची गोष्ट आणि शिकलेला कलमा तिच्या मनात एकाच कोनाड्यात ठेवलेले होते.

संध्याकाळी इस्माईल खांद्यावर पिंजण घेऊन परतला. तो पिंजारी. शिरड शहापुरातून निघून आसपासची खेडी फिरायचा, ज्याच्या त्याच्या अंगणात बसून कापूस पिंजायचा, गाद्या, पांघरायचे लेप भरून द्यायचा. घरची ही मागची खोली कापसाची. खिडकी नाही, झरोका नाही, एक दार तेवढं. घरातली सगळ्यात कोरडी जागा ती.

"अर्धी सारवून अर्धी काहून ठेवली? अर्धा कापूस डोक्यावर घेऊन बसू का मी?"

"हळू बोला. पाव्हणे आलेत."

इस्माईलनं वर पाहिलं. "हे पाव्हणे जाणार कधी?"

"बरकत आली म्हणून समजा."

"बरकत माझ्या पिंजलेल्या कापसावर हगली म्हंजे?"

"मंग कापसावर फडकं टाका," अमीरबी म्हणाली. तिथंच तो विषय संपला. इस्माईल बायकोशी हरायला लाजत नसे.

हे एकोणीसशे छत्तीस साल. अमीरबीच्या पोटची दोन लेकरं महिन्याच्या आत गेलेली, तिसरी जाहेदा तेवढी जगली. ती तेव्हा बारा वर्षांची. मायलेकींनी त्या उन्हाळ्यात दुसरं काही केलंच नाही म्हणा ना. शेळ्यांच्या कुंडीपाशी पाणी सांडून जिथं राड व्हायची, तिथं पाखरं उतरायची. पाय भरू नयेत म्हणून पंख वर धरून, नेसूचं सावरलेल्या बाईसारखी. चोचीत एक गोळी, की खोलीत. सकाळपासून ऊन तापेपर्यंत काम, मग बंद. जाहेदाला कळेना, दिवसभर का नाही बांधत? अमीरबीनं सांगितलं, "कच्ची भिंत एका दिवसात उभी केली की बसती. खालचं वाळल्यावर वरचं. त्यांना आपल्या गवंड्याहून जास्त अक्कल हाय." बोटभर आज, बोटभर उद्या. पंधरावीस दिवसांत फळीला उभी चिरलेली सुरई चिकटवावी तसं घर झालं. पोट फुगीर, आणि आत जायला लांबट मान. कुंडीपाशी उन्हानं राड सुकली तर जाहेदा मुद्दाम तांब्याभर पाणी ओतून यायची.

मग आतलं अंथरूण. कोंबडीचं पीस, गवताची काडी, आणि इस्माईलच्या कापसाचे पुंजके. पिंजताना पिंजणाची आतड्याची तात ठणठणायची, पांढरा भुरका खोलीभर उडायचा, आणि त्यातला एक पुंजका पाखरू हवेतल्या हवेत टिपायचं. इस्माईल म्हणायचा, "एवढं एकच गिऱ्हाईक, जे भाव न करता घेऊन जातं." नर कोण, मादी कोण, शेवटपर्यंत कळलं नाही. दोघं बांधायची, दोघं आळीपाळीनं आत बसायची, दोघं चारायची. पंधरवड्यानं अंगणात पांढरीशुभ्र टरफलं पडलेली दिसली, एक ठिपका नाही त्यांवर. मग आतून चिवचिव, आणि मायबापांची दिवसभर दारातून आतबाहेर. जाहेदा दाराशी बसून बोटांवर खेपा मोजायची आणि शंभरावर गेल्यावर विसरायची. दिवस मावळला की सगळं चिडीचूप.

तेव्हापासून घरात एक नेम पडला. चैत्रापासून भादव्यापर्यंत कापसाच्या खोलीचं दार पहाटे उघडायचं आणि दिवस मावळताना मगरीबच्या अजानीला लावायचं. शेळ्या आत शिरू नयेत म्हणून कमरेएवढी ताटी आडवी लावलेली. पहाटेचं दार उघडणं जाहेदाकडे. पाऊस असो, ताप असो, ती उठायची. महिन्याभरानं पिलं उडाली, तरी आठ-दहा दिवस तिन्हीसांजेला परत त्याच मानेतून आत शिरून झोपायची. जाहेदाला त्याचं फार नवल. "अम्मा, सासरी गेल्यावर बी माहेरी मुक्कामाला येऊन राहिलेत बघ."

"येणारच. माहेर कशासाठी असतं?"

दर साली तीच जोडी यायची, किंवा अमीरबी तसं धरून चालायची. जुनं घर टाकायची नाहीत. पडलेली मान नवी करायची, फुटलं तिथं लिंपायची, आतला कापूस बदलायची.

एकोणचाळीस साली जाहेदाचं लग्न झालं. डोंगरकड्याचा मकबूल, पिंजाऱ्याचंच घर, पोरगा मितभाषी आणि कामाचा. गाडीत बसताना पोरीनं आईच्या गळ्यात पडून काय सांगावं? "पहाटं दार मी उघडत होते. तू विसरशील."

"न्हाई विसरत."

"अब्बाच्या भरवशावर ठेवू नको. ते घोरत असतात."

गाडीवाल्यासकट सगळे हसले, इस्माईलही डोळे पुसत हसला.

पुढच्या साली आषाढात जाहेदा पहिल्या बाळंतपणाला आली. आठवा सरून नववा लागलेला. त्या साली पाखरांना उशीर झाला होता. पहिली अंडी कशानं तरी गेली आणि त्यांनी दुसऱ्यांदा मांडली होती. जाहेदा ओझ्याची कंबर धरून मान वर करून बघायची आणि म्हणायची, "आमी दोघी बराबरच बसणार."

बाळंतपण कुठं करायचं, हा प्रश्न नव्हताच. पुढच्या घरात चूल, शेळ्या, आणि माळवद दोन जागी गळत होतं. पावसाळ्यात पिंजणाचं काम बंद, तेव्हा कापसाची खोली रिकामी आणि कोरडी. बाज तिथंच टाकली. आषाढ सरला त्या दिवशी जाहेदाला मुलगा झाला. पारुबाई सुईण होती. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, म्हणून निम्म्या गावाला ती अरेतुरे करायची. तिनं विळ्यानं नाळ कापली, चुलीतली राख चिमटीनं दाबून वर फडकं बांधलं, लेकराला आजोबाकडं दिलं. इस्माईलनं कानात अजान म्हटली. नाव ठरलेलंच होतं, फारुक. वर घरट्यात अंडी फुटून तीन दिवस झाले होते.

मग पारुबाईनं दाराकडं पाहिलं.

"हे दार काहून उघडं?"

"पाखरांना आतबाहेर लागतं, पारुमाय," अमीरबी म्हणाली.

"अगं, बाळंतीण कोन हाय इथं? तुझी लेक, का वरची पाखरीण?"

"दोघी हायेत."

"मंग मी एकीचंच करीन. पाखरिणीला दुसरी सुईण पाह्य."

बाज जोरात हलली, जाहेदा हसत होती. हसताना पोट दुखलं म्हणून पुन्हा हसली. अमीरबीनं तोड काढली. बाजेच्या आणि दाराच्या मधे दोरीवर जाड गोधडी लटकवली, शेगडी बाजेखाली सारली, वाऱ्याची झुळूक लेकराला लागणार नाही असं केलं. पाखरं गोधडीच्या वरून जायची, यायची. पारुबाई रोज शेकायला यायची आणि रोज बोलायची. "बाळंतिणीच्या खोलीला चाळीस दिस दार नसतंच म्हणून समज. वारं काय इचारून येतं का?" अमीरबी ऐकून घ्यायची आणि गोधडीची कड खाली ओढायची.

पाचव्या दिवशी नागचतुर्थी होती. आळीत बायकांचे उपास, घराघरांत भगर शिजत होती, आणि पाऊस तोंड बंद करायला तयार नव्हता. सकाळपासून लेकरू छातीला लागेना. तोंडात धार सोडली तर ओठांवरून ओघळायची. पारुबाई आली, तिनं करंगळी लेकराच्या तोंडात घालून पाहिली, आणि तिची जीभ पहिल्यांदा गप्प झाली. मग ती म्हणाली, "जबडा धरलाय. वारं शिरलं."

तिनं करंगळी पदराला पुसली.

"मी म्हनत न्हवते? दार लाव, अमीरबी. आता लाव. न्हाई तर उद्यापून मला बलावू नको."

अमीरबी उठली. जाहेदानं तिचा पदर धरला. "अम्मा, लावू नको. पिलं आठ दिवसांची हायेत. त्यांना अजून पंधरा-वीस दिस लागतात."

"आन् तुझं लेकरू?"

"लेकरासाठीच म्हणते. त्यांची हाय लागली तर? तूच सांगत होतीस ना मला?"

व्हय, तीच सांगत होती. चार साल तिनंच सांगितलं होतं. पण बाजेवर जे पडलं होतं ते तिनं आधी दोनदा पाहिलेलं होतं, तेच घट्ट आवळलेलं तोंड, तीच ताठलेली मूठ. दोन्ही वेळेला तिच्या सासूनं सांगितलं होतं, वारं. अमीरबीनं पोरीच्या हातातून पदर सोडवला, ताटी बाजूला केली, आणि दार ओढून आतून कडी घातली. खोलीत शेगडीचा तांबडा उजेड तेवढा उरला.

बाहेर पाखरं आली. दारापुढं जागच्या जागी पंख मारत थांबायची, दाराच्या फळीवर पाय टेकायला बघायची, घसरायची, परत फिरून यायची. अमीरबीला पाणी आणायला, फडकी धुवायला जावंच लागे. ती कडी काढून अंग चोरून बाहेर पडायची आणि पाठीमागं दार ओढायची. दुपारी ती गरम पाण्याची गडवी घेऊन आत शिरली, तेवढ्यात एक पाखरू तिच्या खांद्यावरून आत घुसलं. धुरात ते वेडंवाकडं फिरलं. वर पिलांनी आवाज ओळखला आणि घरट्याची मान एकदम कल्ला करून उठली. पाखरू मानेला चिकटायला गेलं.

"हाकल त्याला," पारुबाई म्हणाली, "दार उघडं हाय, वारं येऊन राहिलं."

अमीरबीनं गडवी खाली ठेवली, पदर काढला आणि हवेत झटकला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पाखरू दारातून निघून गेलं. जाताना ते तिच्या तोंडापुढून गेलं, आणि तिनं पाहिलं की त्याच्या चोचीत माश्या-चिलटांचा घास तसाच होता.

ही गोष्ट तिनं पुढं कधी कोणाला सांगितली नाही. जाहेदाला सांगायची गरज नव्हती. ती बाजेवरून बघत होती.

लेकरू आठव्या दिवशी गेलं. सातव्या दिवशी जावळ काढायचा अकीका पुढं ढकलला होता, तो राहूनच गेला. इस्माईलनं ते एवढंसं मुटकुळं स्वतः कब्रस्तानात नेलं, पावसात. परत आला आणि पिंजणाची तात उतरवून गुंडाळून ठेवली. पावसाळा सरला तरी पुढं दोन महिने त्यानं ती चढवली नाही.

त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजीनंतर अमीरबी लेकीपाशी बसली. पोरीच्या छातीला दूध दाटून गाठी आल्या होत्या, त्यावर ती कोमट फडकं धरत होती. जाहेदा उताणी पडून वर बघत होती.

"अम्मा, आवाज कधी थांबला, ठाऊक हाय का तुला?"

"न्हाई."

"परवा दुपारी. तिघं होते. पयले दोघं लवकर गप झाले. शेवटचं एकटंच लई येळ बोलत होतं."

अमीरबी फडकं पिळत राहिली. पिळण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

"तू माझं ऐकलं न्हाईस," जाहेदा म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं विहिरीचं पाणी आटल्याची खबर सांगावी तसं सांगितलं.

अमीरबीच्या जिभेवर शंभर गोष्टी आल्या. मी आई आहे, तू लहान आहेस, मी दोन पुरलेत, तू एक. यांतली एकही तिच्यानं बाहेर काढवली नाही. मेलेल्या लेकराची मोजदाद लेकीपुढं कशी करायची?

चाळीस दिवसांचा चिल्ला झाला आणि मकबूल गाडी घेऊन आला. अमीरबीनं पोरीच्या ओटीत शिधा घातला, चोळीचा खण दिला, कपाळावरून हात फिरवला. आपल्याकडे बाई उंबरा ओलांडताना 'येते' म्हणते. रागानं निघाली तरी 'येते'च म्हणते. 'जाते' हा शब्द कोणी तोंडातून काढू देत नाही. जाहेदा उंबऱ्यात थांबली, आईकडं पाहिलं आणि म्हणाली, "जाते मी."

"येते म्हण गं," इस्माईल म्हणाला.

ती गाडीत जाऊन बसली.

ती पुन्हा माहेरी आली नाही. ईदला नाही, चुलतभावाच्या लग्नाला नाही, इस्माईलला हिवतापानं महिनाभर अंथरुणाला खिळवलं तेव्हाही नाही. निरोप यायचे, मकबूल यायचा, शेंगा यायच्या, हरभरा यायचा. पोरगी यायची नाही.

इस्माईलला बायकोची अवस्था बघवेना. एकदा वसमतला गेला तेव्हा त्यानं तिथल्या एका म्हाताऱ्या हाफिजजींना विचारलं, की बाबा, अबाबिलीचं घर आमच्या हातून उजाडलं, आता काय करायचं? हाफिजजी म्हणाले, कुराणात अबाबील हे पाखराचं नावच नाही. अबाबील म्हणजे थवे. कोणती पाखरं होती ते अल्लाला ठाऊक. तुमच्या फळीला होती ती आपली साधी भिंगरी. तौबा करा आणि मन मोकळं करा. इस्माईल उड्या मारत घरी आला. "ऐकलंस का? आपली पाखरं ती न्हाईतच."

अमीरबी भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "नाव बदललं म्हणून त्यांची मेलेली पिलं परत येतात का?"

लेकरू गेल्याच्या पुढच्या चैत्रात तिनं नेमानं पहाटे दार उघडलं. पाखरं आली नाहीत. ती वेशीच्या कमानीखाली गेली होती. पाण्याला जाता-येता अमीरबीला त्यांचं नवं घर दिसायचं. ती तिथं मान वर करत नसे. जुन्या घरट्यात चिमण्या घुसल्या. त्यांनी मानेतून गवताच्या काड्या बाहेर लोंबत सोडल्या, आत केर-कचरा कोंबला, दिवसभर भांडण. इस्माईल म्हणाला, पाडून टाकू का? ती म्हणाली, राहू द्या. पण दार ती दर चैत्रात उघडत राहिली. चिमण्यांसाठी नव्हे.

त्रेचाळीस साली जाहेदा डोंगरकड्यालाच बाळंत झाली. मुलगी झाली, जगली. निरोप आला तो सव्वा महिन्यानं. अमीरबीनं झबली-टोपडी शिवली, लाडू वळले आणि इस्माईलला घेऊन गाडीनं गेली. दुपारी पोचली. जाहेदा अंगणात मिरच्या वाळत घालत होती. ती उठली, पदर नीट केला, पायांवर पाणी दिलं, नवी सतरंजी अंथरली.

"बसा अम्मा. तुमी दमला असाल."

अमीरबी बसली. तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. सासरच्या माणसांदेखत पोरी अदबीनं बोलतात, तसं असेल. पण सासू कमरुन्निसा शेजारी गेली, अंगणात दोघीच उरल्या, तरीही तेच. तुमी चहा घेता का. तुमी लाडू काहून आणले, तकलीफ झाली. तुमी इकडं सरका, ऊन लागंल. आईला कोणी 'तुमी' म्हणतं का? 'तुमी' पाव्हण्याला, 'तुमी' पाटलाला. नात अमीरबीच्या मांडीवर दिली, तीही पाव्हण्याच्या मांडीवर देतात तशी, दोन घटका, आणि रडली की लगेच उचलून घेतली.

रात्री मुक्काम न करता ते निघणार म्हणाले, तर जाहेदानं आग्रह केला. रीतीपुरता केला. अमीरबीला आग्रह ओळखता येत होता. तिनं स्वतःच तो पोरीला शिकवला होता.

परतीच्या वाटेवर इस्माईल म्हणाला, "बरं झालं, पोरगी सुखात हाय."

"व्हय," अमीरबी म्हणाली.

सेहेचाळीस साली हिंगोलीकडून एक नर्सबाई देवी टोचायला आली. चावडीपुढं बायका जमल्या. टोचून झाल्यावर ती बोलू लागली. ज्या लेकरांचा पाचव्या-सातव्या दिवशी जबडा बसतो, अंग लाकूड होतं, त्यांना वारं लागलेलं नसतं. नाळ गंजक्या विळ्यानं कापली, वर शेण-राख लावली, की त्यातून विष आत जातं. नवं ब्लेड उकळून घ्या, दोरा उकळून घ्या, वर काही लावू नका. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, हवा येऊ द्या.

अमीरबी पुढच्या रांगेत बसली होती. 'हवा येऊ द्या' हे तिनं ऐकलं. दार उघडं ठेवलं म्हणून लेकरू गेलं नव्हतं. बंद केलं म्हणून वाचणारही नव्हतं. पाखराच्या तोंडचा घास तिनं पदर झटकून परत पाठवला होता, तो कशासाठीच नव्हता. आणि त्याआधीचे तिचे स्वतःचे दोन.

मागं पारुबाई बसली होती. आता तिला कमी दिसायचं, हातही कापायचे. बायका उठून गेल्या तरी ती हलली नाही. अमीरबी तिच्यापाशी गेली.

"अमीरबी," म्हातारी म्हणाली, "माज्या हातून किती गेली असतील गं?"

"तुमाला कुठं ठाऊक होतं, पारुमाय?"

"तू दार उघडं ठेवत व्हतीस. मी लावाया लावलं."

"लावलं मीच." अमीरबीनं तिला काठी दिली आणि घरापर्यंत हात धरून नेलं. पारुबाईनं त्यानंतर कोणाचं बाळंतपण केलं नाही.

हे जाहेदाला सांगावं की नाही, यात अमीरबीची दोन वर्षं गेली. नमाजीच्या मुसल्ल्यावर बसली की ती दुआ अर्ध्यावर सोडून तेच घोळत बसायची. सांगितलं तर पोरीला काय कळणार? हेच, की आईनं ते दार विनाकारण लावलं. आधीच तुटलेलं, त्यावर आणखी घाव. न सांगितलं तर निदान एवढं राहील की आईनं जीव वाचवायला लावलं. माणूस आपल्या चुकीलाही कसं जपतं बघा, जसं काही चांदीचं भांडं.

अठ्ठेचाळीसच्या आषाढात मकबूल शिरडला आला. त्या दिवसांत निजामी मुलखात धामधूम होती, रस्त्यांवर धाक होता. माणसं कामाशिवाय गाव सोडत नव्हती, बायका तर नाहीच. तो पिंजणाला नवी तात न्यायला आला होता आणि रात्रीपुरता थांबला. सकाळी चहा घेताना त्यानं सांगितलं, जाहेदाला आठवा लागला.

अमीरबीनं कपबशी खाली ठेवली. "इकडं धाडता का?"

मकबूल पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागला. "मी इचारलं होतं, मामी."

"मंग?"

"ती म्हनली, अम्माला सांगा, तुमी तकलीफ घेऊ नका."

चुलीत लाकूड फुटलं. इस्माईल उठून शेळ्यांकडं गेला. अमीरबीनं कपाच्या कानाला बोट लावलं आणि म्हणाली, "बरं. आता मी सांगते ते नीट ऐका. नाळ कापाया विळा घेऊ देऊ नका. नवं ब्लेड, उकळलेलं. दोरा उकळलेला. वर राख न्हाई, शेण न्हाई, काहीच न्हाई. म्हणून दाखवा."

मकबूलनं म्हणून दाखवलं.

"पुन्हा म्हणा."

त्यानं पुन्हा म्हटलं. राखेचं विसरला, तर तिनं तिसऱ्यांदा म्हणायला लावलं.

"आन् सुईण दार लावा म्हणाली तर?" त्यानंच विचारलं.

अमीरबीनं कपबशी बाजूला सारली. "लावू नका," ती म्हणाली. "दाराचा काही संबंध न्हाई. न्हवताच."

मकबूल तिच्याकडं बघत राहिला. त्याला कळलं असावं. त्याचंही ते पहिलं लेकरू होतं. "हे तुमी सांगितलं म्हणून सांगू तिला?"

"नर्सबाईनं सांगितलं म्हणा. माझं नाव घेऊ नका. माझं नाव घेतलं तर ती ऐकणार न्हाई."

"ऐकंल, मामी."

"न्हाई ऐकणार," अमीरबी म्हणाली. "आन् तिचं बराबर हाय."

तिनं कपबशा विसळून पालथ्या घातल्या आणि डोक्यावर पदर घेतला. मकबूल दुपारच्या आत निघणार होता. त्याआधी तिला उत्तमराव वाण्याच्या दुकानातून एक नवं ब्लेड, दोऱ्याचं रीळ आणि पावशेर डिंक आणायचा होता.